टेबल-करवत : काप कसे घ्यावेत आणि बोटे कशी राखावीत

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल सुतारकामावर पेटत आली आहे. दारे-खिडक्यांच्या चौकटी, पाळणे, पलंग, दुकानांच्या फळ्या, शाळांची बाके, ही कामे बेळगाव-खानापूरकडे आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. वाकस, पटाशी, रंधा आणि हातकरवत एवढ्या हत्यारांवर वाडे उभे राहिले. आता मात्र लहानशा दुकानातही विजेवर चालणारी टेबल-करवत, म्हणजे आपली कारागीर मंडळी जिला नुसते 'कटर' म्हणतात ती, येऊन बसली आहे. जे काम दोन माणसे दिवसभर करीत ते ती तासाभरात करते. परंतु हातकरवत शिकविणारा उस्ताद घरात होता, तसा या यंत्राचा उस्ताद सर्वांना लाभत नाही. मुले एकमेकांचे पाहून शिकतात, आणि पाहून शिकताना चांगल्याबरोबर वाईट सवयीही उचलतात. म्हणून या यंत्राची रीत साध्या भाषेत, एखाद्या पाठाप्रमाणे, येथे मांडीत आहे.

यंत्राची रचना व त्याचा वेग

गोल करवत ही काही कालपरवाची वस्तू नव्हे. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याला 1777 साली जे पेटंट मिळाले त्यात तिचा उल्लेख आहे. तत्त्व तेव्हापासून एकच आहे. सपाट टेबलाच्या फटीतून एक दातेरी चाक वर डोकावते, ते फिरत राहते आणि लाकूड आपण त्याच्याकडे सरकवितो. हातकरवतीत लाकूड स्थिर असते व हत्यार चालते. येथे हत्यार जागेवर असते व लाकूड चालते. या एका फरकामुळे हातांची सारी शिस्त बदलते.

वेगाचा हिशेब सातवी-आठवीच्या मुलालाही करता येईल. समजा, मोटार मिनिटास 1440 फेरे घेते. तिच्यावरील पुली 6 इंची आणि पात्याच्या दांड्यावरील पुली 3 इंची आहे. मग पाते मिनिटास 2880, म्हणजे सेकंदास 48 फेरे घेईल. 12 इंची पात्याचा परीघ सुमारे 96 सेंटिमीटर. तेव्हा दात्याचा वेग सेकंदास 46 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 165 किलोमीटर झाला. आता माणूस चटकन हात मागे घेतो म्हणजे किती वेळात? फार तर पाव सेकंदात. तेवढ्यात पाते 12 फेरे घेऊन चुकलेले असते, आणि त्याला 40 दाते असतील तर 480 दाते त्या जागेवरून गेलेले असतात. 'मी सावध असतो, हात लागला तर लगेच ओढून घेईन,' असे म्हणणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडावे.

दुसरी गोष्ट पात्याच्या फिरण्याची दिशा. आपल्या बाजूचे दाते वरून खाली येतात व लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडच्या बाजूचे, म्हणजे मागचे दाते खालून वर जातात. लाकूड जोवर पुढच्या दात्यांवर कापले जाते तोवर सर्व ठीक असते. मागच्या दात्यांनी ते पकडले, की ते उचलले जाते आणि त्याच वेगाने आपल्या अंगावर फेकले जाते. यालाच किकबॅक म्हणतात. फेकले गेलेले लाकूड पोटात-छातीत बसते हा एक धोका, आणि लाकूड एकाएकी निसटल्यामुळे त्याला दाबणारा हात थेट पात्यावर जातो हा दुसरा.

लाकूड मागच्या दात्यांवर कसे जाते? त्याची तीन मुख्य कारणे आहेत. पहिले, लाकडाच्या अंगात ताण असतो, आणि ओल्या किंवा वाकड्या लाकडात तो विशेष असतो. उभा काप घेताना दोन्ही फाका मिटतात व पाते चिमटीत सापडते. दुसरे, बाजूची आधारपट्टी, जिला फेन्स किंवा गाईड म्हणतात, ती पात्याशी समांतर नसते आणि लाकूड तिच्या व पात्याच्या मध्ये आवळते. तिसरे, लाकूड हाताने तिरके होते.

यावर उपाय म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभा असणारा पातळ पोलादी फाळ. त्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात. तो कापाच्या फटीत शिरून फाका मिटू देत नाही व लाकूड मागच्या दात्यांपर्यंत पोचू देत नाही. त्याची जाडी पात्याच्या पत्र्याहून किंचित अधिक, परंतु कापाच्या रुंदीहून किंचित कमी असावी. पात्यावरचे झाकण हात वरून पडू देत नाही. फाळ लाकूड उसळू देत नाही. दोन्हींची कामे निराळी आहेत, म्हणून एक आहे तर दुसरे नको असे म्हणता येत नाही.

बहुतेक दुकानांत प्रथम काढून टाकल्या जातात त्या नेमक्या याच दोन वस्तू. 'काम दिसत नाही, अडचण होते' हे कारण. माझ्या हाताखालून गेलेला एक हुशार विद्यार्थी बाजारात भेटला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. ज्या दुकानात तो कामाला होता तेथील यंत्राचे झाकण माळ्यावर धूळ खात पडले होते. अपघातानंतरही ते तेथेच राहिले, असे त्याने सांगितले. 1948 च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांस कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. परंतु दोन-तीन माणसांच्या दुकानात तपासनीस सहसा फिरकत नाही. तेथे कायदा पाळावयाचा तो आपला आपणच.

स्विच दाबण्यापूर्वी

काम सुरू करण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कपडे. लुंगीचा सोगा, उपरणे, ओढणी, सैल बाह्या यांना या यंत्राजवळ जागा नाही. घड्याळ, अंगठी, मनगटातील दोरा किंवा ताईत काढून ठेवावा. हातमोजे घालू नयेत. मोज्याचा धागा दात्यात अडकला तर सबंध हात आत ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

दुसरी, स्विच. आपल्याकडे वीज जाते आणि न सांगता परत येते. साध्या खटक्याच्या स्विचवर यंत्र तसेच चालू राहिले असेल, तर वीज येताच पाते आपोआप फिरू लागते, आणि नेमका त्याच वेळी कोणी भुसा काढण्यासाठी हात घातलेला असतो. म्हणून वीज गेल्यावर स्वतः बंद होणारा व पुन्हा बटण दाबल्याशिवाय चालू न होणारा, 'नो-व्होल्ट' कॉइलचा स्टार्टर बसवावा. बंद करण्याचे लाल बटण मोठे व मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा जागी असावे. यंत्राला अर्थिंग हवेच.

तिसरी, पाते. ते बदलताना प्लग किंवा मुख्य स्विच काढलेला असावा. दाता तुटलेले, तडा गेलेले पाते फेकून द्यावे. पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. आपल्या यंत्राचे फेरे त्याहून अधिक असता कामा नयेत.

चौथी, समांतरता. पात्याचा एक दाता खडूने खुणावून तो पुढे आणावा व टेबलावरील सरळ खाचेपासून त्याचे अंतर मोजावे. मग तोच दाता मागे नेऊन पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. त्यानंतर फेन्सही तशीच तपासावी. पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहावे. ही सारी तपासणी यंत्र बंद ठेवून करावयाची.

पाचवी, लाकूड. जुन्या वाड्याच्या तुळया, वासे पुष्कळदा पुन्हा वापरले जातात. त्यांतील खिळे एकूणएक काढले आहेत याची खात्री करावी; एका खिळ्याने पात्याचा दाता उडून गोळीसारखा येतो. ज्या फळीला एक सपाट बाजू व एक सरळ कड नाही, ती आधी रंध्यावर सरळ करावी. डुलणारी फळी या टेबलावर घालूच नये.

पात्याची उंची किती ठेवावी, हा नेहमीचा प्रश्न. दात्याचे टोक लाकडाच्या वर सुमारे 3 ते 6 मिलिमीटर यावे. पाते विनाकारण उंच ठेवले तर तेवढे उघडे पोलाद हातासमोर राहते.

निरनिराळे काप

उभा काप. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने फळी चिरणे, रिपा काढणे, हा उभा काप. यासाठी कमी दात्यांचे पाते लागते. 10 इंची पात्याला 24 दाते योग्य. दात्यांमधील खोलगट जागा मोठी असल्याने भुसा सहज बाहेर पडतो. फळीची सरळ कड फेन्सला आणि सपाट बाजू टेबलाला टेकवावी. उभे राहताना पात्याच्या रेषेत न राहता किंचित डावीकडे राहावे, म्हणजे फेन्स व पाते यांमधील तुकडा उसळला तरी तो अंगावर येणार नाही. डाव्या हाताने फळी फेन्सकडे दाबावी, पण तो हात पात्याच्या अलीकडेच थांबवावा. उजव्या हाताने एका चालीने पुढे ढकलावे व तुकडा पात्याच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबू नये. अर्ध्या कापावरून फळी मागे ओढणे म्हणजे किकबॅकला आमंत्रण.

पाते व फेन्स यांमध्ये 6 इंचांहून कमी जागा असेल तेव्हा हाताने ढकलू नये, ढकलकाठी घ्यावी. ती 12 मिलिमीटरच्या प्लायच्या तुकड्यातून कोणीही करू शकेल: हातभर लांब पट्टी, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला लाकडाची कड अडेल अशी खाच. प्रत्येक यंत्राजवळ अशा दोन काठ्या टांगलेल्या असाव्यात. काठीला दाता लागला तर काठी जाईल. ती दुसरी करता येते.

आडवा काप. फळी लांबीला कमी करणे, म्हणजे तंतू तोडणे. यास अधिक दात्यांचे, 60 ते 80 दात्यांचे पाते घ्यावे, म्हणजे कडेला ढलप्या निघत नाहीत. दोन्ही प्रकारचे काम एकाच पात्यावर करावयाचे असेल तर 40 ते 50 दात्यांचे मधले पाते चालते. आडव्या कापात फळी फेन्सला टेकवून ढकलू नये. अरुंद कडेचा आधार पुरत नाही, फळी फिरते व आवळते. टेबलाच्या खाचेत सरकणारे माइटर-गेज घ्यावे, फळी त्याला घट्ट धरावी आणि दोन्ही मिळून पुढे न्यावे. सारख्या मापाचे बरेच तुकडे हवे असतील तर मोह होतो की, फेन्सचाच अडसर म्हणून उपयोग करावा. तसे केल्यास सुटलेला तुकडा पाते व फेन्स यांच्यात अडकून उडतो. त्याऐवजी फेन्सला पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा बांधावा. फळी त्या ठोकळ्याला टेकवून माप घ्यावे. काप सुरू होईपर्यंत ती ठोकळ्यापासून सुटलेली असते आणि तुकडा मोकळा राहतो.

कोनाचा काप. तसबिरीची चौकट करताना माइटर-गेज 45 अंशांवर लावतात. नियम असा की 180 ला बाजूंच्या संख्येने भागावे: चार बाजूंना 45, सहा बाजूंना 30, आठ बाजूंना साडेबावीस अंश. येथे लहानशी चूकही साठत जाते. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर चौकटीच्या आठ कापांत मिळून 4 अंशांची फट पडते. म्हणून टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापून, जोडून, गुण्या लावून पाहावे व मगच सागवानाला हात घालावा. कोनात कापताना लाकूड घसरते. गेजच्या तोंडाला पॉलिश-कागद चिकटवावा किंवा लाकूड क्लॅम्पने आवळावे.

कलता काप. यात पातेच कलते करतात. फेन्स नेहमी अशा बाजूस असावी की पाते तिच्यापासून दूर कलेल. पाते फेन्सकडे कलले तर तुकडा कलत्या पात्याखाली कोंडतो आणि हमखास उसळतो. कलल्यावर पाते झाकणाला किंवा फटीच्या पत्र्याला लागत नाही ना, हे पाते हाताने फिरवून, अर्थातच मुख्य स्विच काढून, पाहावे.

खाच आणि पायरी. कपाटाच्या फळ्या बसविण्याची खाच किंवा दाराच्या चौकटीची पायरी काढताना पाते लाकडाच्या आरपार जात नाही. म्हणून वरचे झाकण काढावे लागते. हेच काम सर्वांत फसवे, कारण पाते लाकडाखाली दडलेले असते व हात निर्धास्तपणे वर ठेवला जातो. फाळ मात्र पात्याच्या टोकाच्या किंचित खाली उतरवून तसाच ठेवता येतो. लाकूड दाबण्यासाठी हाताऐवजी दातेरी लाकडी पट्टी फेन्सला व टेबलाला बांधावी. खोली एकदम न घेता दोन-तीन फेऱ्यांत घ्यावी. पायरीचा दुसरा काप घेताना सुटणारी रीप फेन्सच्या विरुद्ध बाजूस पडेल अशी मांडणी करावी. ती फेन्सकडे कोंडली तर भाल्यासारखी मागे येते. काम होताच झाकण पुन्हा बसवावे. दुसऱ्या दिवसावर ठेवलेले झाकण बसत नाही असा अनुभव आहे.

प्लाय. 8 फूट बाय 4 फुटांचा तक्ता एकट्याने लहान टेबलावर घालू नये. मागे व बाजूस टेबलाच्याच उंचीचे आधार लावावेत. मदतनीस असेल तर त्याने केवळ भार पेलावा. पुढून ओढू नये, वळवू नये. दिशा ठरविणारा माणूस एकच असावा. पुढचे दाते वरून खाली येत असल्याने प्लायची खालची बाजू चिरफाळते. म्हणून सनमायका लावलेली किंवा चांगली बाजू वर ठेवावी.

एक घातक युक्ती

अलीकडे भांडवल कमी म्हणून पुष्कळजण हातात धरावयाचा फरशी-कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली आवळतात व त्याला लाकडाचे पाते लावतात. ही यंत्रे मिनिटास बारा-तेरा हजार फेरे घेतात. त्यांना या जागी झाकण नाही, फाळ नाही, आणि स्विच दाबून कायमचा अडकवलेला असतो. तो बंद करावयास टेबलाखाली चाचपावे लागते. माझे तरुण मित्रांना कळकळीचे सांगणे आहे की पैसा जमेपर्यंत हा कटर हातातच, त्याच्या मूळ झाकणासह, सरळ पट्टी बांधून वापरावा. टेबल करू नये.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी 1999 मध्ये शोधलेल्या युक्तीने कातडीचा स्पर्श होताच पाते सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबते. अशी यंत्रे 2004 पासून विक्रीस आली. वर काढलेल्या गणिताने पाहिले तर तेवढ्यात आपले पाते केवळ पाव फेरा घेते. परंतु ही यंत्रे महाग असून आपल्या दुकानांच्या आवाक्याबाहेरची आहेत. आपल्याला झाकण, फाळ आणि ढकलकाठी यांवरच भिस्त ठेवली पाहिजे, आणि त्या तिन्हींचा खर्च एका सागवानी दाराहून अधिक नाही.

भुसा आणि आवाज

बोटे एकदम जातात म्हणून दिसतात; फुप्फुसे आणि कान हळूहळू जातात म्हणून दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाचा भुसा मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला; नाक व त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग त्याने होतो. शिसवाच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळही उठते. तोंडाला रुमाल पुरेसा नाही; बारीक धूळ अडविणारा मास्क घ्यावा, टेबलाखाली भुसा ओढणारा पंखा लावावा आणि कामाचे कपडे झटकल्याशिवाय घरात लेकरे उचलू नयेत. आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी 85 डेसिबल मानतात. ही यंत्रे सहसा ती ओलांडतात. कानात बोळे घालावेत. सागवानात वाळूच्या जातीचा, म्हणजे सिलिकाचा, अंश असतो, त्याने पाते लवकर बोथट होते; आणि बोथट पाते जोर मागते, जोर लावला की हात निसटतो. धार वेळेवर लावणे ही देखील सुरक्षितताच आहे.

दुर्दैवाने अपघात झालाच तर

प्रथम मुख्य स्विच बंद करावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना, राख, चहाची पूड काहीही भरू नये. बोट तुटले असेल तर ते शोधून, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. त्याने पेशी मरतात. अपघाताची वेळ लिहून घ्यावी व बोटे जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे; वाटेतच दूरध्वनी करून तशी सोय आहे की नाही विचारावे. ही माहिती कारागिराइतकीच घरच्या मंडळींनाही असली पाहिजे, कारण पुष्कळ दुकाने घराच्या पुढच्या पडवीतच आहेत, आणि धावत प्रथम येते ती घरचीच बाई.

शिकणाऱ्यांसाठी क्रम

नव्या मुलाने पहिला आठवडा यंत्र बंद ठेवून मांडणी, मापे व ढकलकाठी यांचाच सराव करावा. नंतर रुंद, सरळ फळीचा उभा काप, मग माइटर-गेजवर आडवा काप, मग कोन, त्यानंतर कलता काप, आणि खाच सर्वांत शेवटी. लहान तुकडे, हातभरापेक्षा आखूड, यंत्रावर घालू नयेत. त्यासाठी हातकरवत अजून भिंतीवर टांगलेली आहे. थकवा आला, ताप असला, रमजानच्या दिवसांत दुपारनंतर अंगात त्राण नसले किंवा मन ठिकाणावर नसले, तर कापण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी करावे आणि उरलेला वेळ रंधा-पॉलिशला द्यावा.

आपल्या ट्रस्टने गरजू मुलांना हत्यारे घेऊन देण्याचे जे कार्य चालविले आहे ते स्तुत्य आहे. माझी एवढीच विनंती की, यंत्रासाठी मदत देताना झाकण, फाळ, स्टार्टर व चष्मा यांची किंमत त्या मदतीत धरावी, आणि सहा महिन्यांनी कोणी तरी जाऊन ते झाकण यंत्रावर आहे की माळ्यावर, एवढे पाहून यावे.